अर्धा सूर खाली

मित्रांनो, माझ्याकडे बघून तुम्हाला पहिल्यांदा मी पियानो वाटणारच नाही. एका चर्चच्या तळघरात भिंतीला टेकून उभा आहे. माझ्या डोक्यावर घडीच्या खुर्च्या आहेत, नाताळच्या चांदण्यांचं खोकं आहे आणि एक भलंमोठं सूपचं पातेलं आहे. पण मी पियानोच आहे. जुना, उभ्या जातीचा, अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा. त्यातल्या चार बोलत नाहीत. बाकीच्या बोलतात, पण अर्धा सूर खालून.

हे अर्ध्या सुराचंच सगळं सांगायचं आहे.

माझा जन्म इलिनॉयमधल्या एका कारखान्यात झाला. एकोणीसशे नऊ साल. मॅपलचं लाकूड, लोखंडी सांगाडा, लोकरीच्या हातोड्या. तिथल्या माणसांनी माझ्या तारा ओढल्या, खुंट्या घट्ट बसवल्या आणि सूर अगदी जिथे पाहिजे तिथे लावला. तेव्हा मी इतर पियानोंसारखाच होतो. चकचकीत आणि जरा गर्विष्ठ.

तिथून मला ओमाहा शहरातल्या एका सिनेमागृहात आणलं. तेव्हा सिनेमा मुका होता. पडद्यावर घोडे धावले की मी धावायचो, नायिका रडली की मी रडायचो. अठरा वर्षं मी लोकांच्या वाट्याचं रडलो. पण मला उभं केलं होतं वाफेच्या नळाला लागून. दर हिवाळ्यात माझी पाठ भाजायची. शेवटी ज्या फळीत माझ्या खुंट्या रुतल्यात, ती फळीच आतून तडकली. बाहेरून काही दिसत नव्हतं. मग सिनेमा बोलायला लागला आणि माझं काम संपलं. मला मागच्या दारापाशी नेऊन ठेवलं, रिकाम्या बाटल्यांच्या शेजारी.

तिथे मला अँब्रोज टिलरीने पाहिलं.

अँब्रोज न्हावी होता. चोविसाव्या रस्त्यावर त्याचं दुकान होतं. पुढे तीन खुर्च्या, मागे एक खोली, आणि त्या खोलीत तो एकटा राहायचा. चार गिऱ्हाइकांना त्याने वर्षभर फुकट दाढी कबूल केली आणि त्या चौघांनी मला सहा गल्ल्या ढकलत आणलं. त्यातला एक थॅडियस मोझली होता. आडदांड, ट्रंपेट वाजवायचा, सगळे त्याला बिग थॅड म्हणायचे. दारात मला अडकवून तो म्हणाला, "अँब्रोज, ह्याच्यापेक्षा बायको आणली असतीस तर ती स्वतःच्या पायांनी आत आली असती."

अँब्रोज हसला नाही. त्याचं सगळं लक्ष माझ्याकडे होतं. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि माझं झाकण पुसलं. आधी ओल्या बाजूने, मग कोरड्या.

सूर लावायला मिस्टर काबुरेक आले. ते दक्षिण ओमाहाचे, बोहेमियातून आलेल्या लोकांच्या वस्तीतले. खिशात कायम बायकोने केलेले जर्दाळूचे गोड पाव. त्यांनी माझी पुढची फळी काढली, एक खुंटी फिरवून बघितली, कान लावला आणि मान हलवली. त्यांनी अँब्रोजला साधं सांगितलं. ताण पूर्ण दिला तर आतली फळी उभी फाटेल आणि खुंट्या पटापटा निसटतील. सगळ्या तारा सारख्या अर्ध्या सुराने खाली ठेवल्या, तर हा तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जगेल. एकटा वाजवाल तेव्हा कुणाला कळणारही नाही.

अँब्रोज म्हणाला, ठेवा खाली.

काबुरेकनी माझ्या आतल्या लाकडावर खडूने लिहिलं: अर्धा खाली. वर ओढू नका.

अँब्रोज तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. कुणाकडे शिकला नव्हता. दुसऱ्या पियानोला त्याने हातही लावला नव्हता. त्याला जे काही आलं ते माझ्यावर आलं. सकाळी सहाला उठून, दुकान उघडायच्या आधी, तो माझ्यासमोर बसायचा. वस्तरा चामड्यावर घासतानाचा जो सप-सप आवाज असतो ना, त्यावर त्याने पहिली चाल बांधली. मग थोबाडीत मारल्यासारखी ओल्या टॉवेलची फट्. मग गिऱ्हाइकांचं एकदम बोलणं आणि एकदम गप्प होणं. सगळं तो माझ्यात शोधायचा. सापडलं की कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचा, कानावर पडलेला सूर नाही, दाबलेली पट्टी. म्हणून त्याच्याकडे गेल्या महिन्याचं पान कधीच उरत नसे, आणि थॅड म्हणायचा की या दुकानात कुणाला मागची तारीख आठवू देत नाहीत, उधारीवाल्यांसाठी बरं आहे.

शनिवारी दुपारी मजा असायची. कत्तलखान्यातून, रेल्वेतून सुटलेली माणसं केस कापायला यायची आणि येताना वाद्यं घेऊन यायची. पण इथे एक गोची होती. ट्रंपेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट ही फुंकायची वाद्यं. ती माझ्यासारखी अर्ध्या सुराने खाली ओढता येत नाहीत. माझ्याशी जुळवायचं तर त्या बिचाऱ्यांना सगळी सोपी बोटं सोडून अवघडातली अवघड बोटं टाकायला लागायची. नवीन माणूस पहिल्या दिवशी घामाघूम व्हायचा. बाकीचे खुर्चीत बसून, गालाला साबण लावलेले, त्याची टर उडवायचे. म्हणायचे, तळघरात उतरलायस, डोकं सांभाळ.

माझं नावच पडलं होतं. तळघर.

मित्रांनो, मला तेव्हा वाईट वाटायचं नाही. कारण गंमत बघा. जे माझ्याबरोबर वर्षभर वाजवायचे त्यांना जगातली कुठलीही अवघड बोटं सोपी वाटायला लागायची. ते शिकागोला गेले, कॅन्सस सिटीला गेले. तिकडे बाकीचे वादक ज्या सुरांना घाबरून असायचे, तिथे आमची पोरं घरात शिरल्यासारखी शिरायची. लोक विचारायचे, कुठे शिकलास. ही म्हणायची, न्हाव्याकडे. तिकडून पत्रं यायची. अँब्रोज ती आरशाच्या चौकटीत खोचायचा. पुढे पुढे आरसा इतका भरला की गिऱ्हाइकाला स्वतःचा एकच कान दिसायचा.

सेहेचाळीस साली आर्डेला गेन्स आली. एकोणीस वर्षांची होती, धोबीखान्यात कामाला, आणि क्लॅरिनेट घेऊन आली थेट पुरुषांच्या दुकानात. थॅडने विचारलं, दाढी करायची आहे का. ती म्हणाली, "तुमची झाली की सांगा. तोपर्यंत मी वाजवते." आणि वाजवलं तिने. पहिल्याच दिवशी, अवघड बोटांनी, एकदाही न अडखळता. अँब्रोजने हातातली कात्री खाली ठेवली. त्या दिवसापासून ती दर शनिवारी यायची, आणि अँब्रोज नवीन काही लिहिलं की आधी तिला ऐकवायचा.

त्याने तेव्हा मोठं काम घेतलं होतं. वीस-बावीस वाद्यांसाठी, वीस मिनिटांचं. नाव ठेवलं 'चोविसाव्या रस्त्यावरचा शनिवार'. तीन वर्षं लागली. माझ्या मधल्या पट्ट्यांना त्या तीन वर्षांत खड्डे पडले, बोट बसेल एवढे. आजही आहेत.

मग शहरातल्या मोठ्या सभागृहातून बोलावणं आलं. तिथला वाद्यवृंद ते वाजवणार होता. चोविसाव्या रस्त्यावर कुणाच्या घरी असं बोलावणं आलं नव्हतं. अँब्रोज चांगला कोट घालून, कॅलेंडरची पानं नीट कॉपी करून, घेऊन गेला. तिथे वाद्यवृंदाच्या संचालकाने त्याला काय विचारलं आणि त्याने काय सांगितलं, ते मला तेव्हा कळलं नाही. तो आला तेव्हा खूश होता. एवढंच.

तो रविवार मला लख्ख आठवतो. दुपारचे तीन. अँब्रोज सभागृहात गेला होता, आणि इकडे दुकान फुटेस्तोवर भरलं होतं, कारण कार्यक्रम रेडिओवर लागणार होता. रेडिओ माझ्या डोक्यावर. थॅड माझ्यासमोरच्या बाकावर बसला होता आणि त्याचा तो अवाढव्य बूट नेमका माझ्या उजव्या पायपट्टीवर पडला होता. ती पट्टी दाबली की माझ्या सगळ्या तारा मोकळ्या होतात. मग जवळपास कुणी नुसतं गायलं तरी त्या सुराची माझी तार आपोआप गुणगुणते.

वस्तऱ्याची चाल सुरू झाली. सप-सप. व्हायोलिनवर. मी वाट बघत होतो की आता माझ्या त्या तारा बोलतील, खड्डे पडलेल्या पट्ट्यांच्या. त्या गप्प राहिल्या. त्यांच्या शेजारच्या तारा बोलल्या. उजवीकडच्या. पूर्ण वीस मिनिटं माझ्यात शेजारच्या बायका गात राहिल्या आणि घरची माणसं तोंड मिटून बसली.

दुकानात लोक टाळ्या वाजवत होते, कुणी डोळे पुसत होतं. एकटी आर्डेला भिंतीशी उभी होती. तिची बोटं हवेत चालत होती, क्लॅरिनेट नसतानाही, आणि मध्येच थांबत होती. ती थॅडला म्हणाली, "हे वर आहे. हे आपलं नाहीये." थॅडने तिला सांगितलं की पोरी, आज तरी गप बस.

अँब्रोज आला. सगळ्यांनी त्याला खांद्यावर उचलायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. त्याने कोट खुंटीला लावला, माझ्यापाशी आला आणि उभ्या-उभ्याच वस्तऱ्याच्या चालीचे पहिले दोन सूर वाजवले. एकदाच. मग झाकण लावलं.

"छान वाजवलं त्यांनी," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं."

लोकांना वाटलं हा नम्रपणा आहे.

सगळे गेल्यावर आर्डेला थांबली होती. तिने सरळ विचारलं की मिस्टर टिलरी, तुम्ही त्यांना सांगितलं नाही का की आपला पियानो खाली आहे, सगळं अर्ध्याने उतरवून घ्या म्हणून. तो कात्र्या पुसायला लागला. मग त्याने सांगितलं. संचालकाने विचारलं होतं की सूर लिहिलेत तसेच ना. आणि तुमचा पियानो कुठला आहे.

"मग?"

"मग मी म्हटलं, चांगला आहे. लिहिलंय तसंच." त्याने कात्री ड्रॉवरमध्ये टाकली. "तिथे दोन काळे कुळकुळीत पियानो उभे होते, आर्डेला. माझ्या तोंडातून येईना."

मित्रांनो, लाकडाला कान असतात. मी ते ऐकलं.

त्याला माझी लाज वाटली होती. त्याने तीन वर्षं जे ऐकलं होतं, ते जगात कुणी ऐकलंच नव्हतं, आणि ते माझ्यामुळे. मी जर धड असतो तर त्याला खोटं बोलायला लागलं नसतं. हे मी स्वतःला सांगत राहिलो. किती दिवस? मोजलं तर तीसेक वर्षं.

कारण त्यानंतर अँब्रोजने मला उघडलं नाही. झाकणावर टॉवेलच्या चळती आल्या, मग पावडरचे डबे, मग एक मेलेलं घड्याळ. कुणी वाजवायला मागितलं तर किल्ली हरवलीय म्हणायचा. माझ्या झाकणाला कुलूपच नव्हतं. हळूहळू शनिवारची वाद्यं बंद झाली. कोपऱ्यात नाणं टाकलं की गाणं लावणारं यंत्र आलं. माणसं यायची, केस कापायची, जायची. थॅड कॅलिफोर्नियाला मुलीकडे गेला. आर्डेला यायची, पण तिलाही शाळेत संगीताची नोकरी लागली होती. सकाळी सहाला अँब्रोज उठायचा तसाच. माझ्यासमोरच्या बाकावर बसून बूट घालायचा. नाडी बांधायचा. उठायचा.

दोन हात अंतरावर, मित्रांनो. रोज.

पंचावन्न साली काबुरेक आले, म्हातारे झालेले. सहज आले होते. त्यांनी अँब्रोजला सांगितलं की आता नवीन फळ्या मिळतात, मी जुनी काढून नवीन बसवतो, याला पूर्ण सुरावर आणतो, सभागृहातल्यासारखा करतो. काय सांगू, माझा जीव भांड्यात पडायला आला. मला धड व्हायचं होतं. धड झालो तर तो झाकण उघडेल असं वाटत होतं.

अँब्रोज म्हणाला, "नको. राहू दे."

मग त्याने टॉवेल बाजूला ठेवले, माझी पुढची फळी काढली, आणि दोघं आत बघत उभे राहिले. आतल्या लाकडावर काहीतरी खरखरलं. मला वाटलं, काबुरेक नेहमीसारखं खडूने तारीख टाकतायत. फळी परत बसली. टॉवेल परत आले. माझ्यापुरता अर्थ लागला. माझ्यावर मेहनत घ्यायची त्याची इच्छा उरली नव्हती.

दोन वर्षांनी एका सकाळी सहाला बूट घालायला कुणी आलं नाही.

पुढे रस्ता रुंद करायला ती सगळी ओळ पाडली. आर्डेलाने मला आपल्या चर्चच्या तळघरात आणवलं. माझं नाव खरं झालं म्हणायचं. वर ऑर्गन होतं, मुलांच्या गाण्याला दुसरा नीट पियानो होता. रविवारच्या शाळेतल्या मुलांनी मला एकदा-दोनदा वाजवून बघितलं आणि वरच्या पियानोशी जुळत नाही म्हणून सोडून दिलं. सूपचं पातेलं आलं. चांदण्यांचं खोकं आलं. वरून रविवारी पावलांचा आवाज यायचा, मग गाणं, मग पावलं परत. सोमवार ते शनिवार नळातून पाणी ठिबकायचं.

अठ्ठ्याहत्तर साली हिवाळ्याच्या तोंडाला माझ्यावरच्या खुर्च्या अचानक उतरवल्या. चोविसाव्या रस्त्याच्या आठवणींची एक खोली शहरात उघडायची ठरली होती. त्यासाठी कमिटीला अँब्रोजचा पियानो हवा होता. पण वाजणारा, बरोबर सुराचा. नाहीतर नको. आर्डेला त्या कमिटीत होती. तीच एका तरुण सूर लावणाऱ्याला घेऊन आली. पन्नाशीची झाली होती, चष्मा लागला होता, गुडघ्यावर हात ठेवून पायऱ्या उतरली.

त्या पोराकडे सूर मोजायचं यंत्र होतं. तो म्हणाला, हा पूर्ण अर्धा सूर पडलाय, एवढी वर्षं कुणी बघितलंच नाही याच्याकडे. आर्डेलाने सांगितलं की हा पहिल्यापासूनच असा आहे. पोरगा म्हणाला, मग आता नीट करू, आणि पहिल्या खुंटीला चावी लावून ताण दिला.

माझ्या आत कर्र झालं.

मित्रांनो, खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. मला वाटलं, ओढ. फाटलो तर फाटलो. एकदा तरी वर जाऊन बघू, तो ज्याच्यासाठी लाजला ते कसं असतं.

"बाळा, चावीवरचा हात काढ," आर्डेला म्हणाली.

तिने स्वतः माझी पुढची फळी काढली. बॅटरी मागितली. आत उजेड पडला, तेवीस वर्षांनी. खडूची ओळ पुसट झाली होती, ती तिने वाचली. मग बॅटरी जरा खाली सरकली आणि तिथेच थांबली. त्या पोराने विचारलं, काय आहे. तिने मोठ्याने वाचलं. पेन्सिलने लिहिलेलं होतं, न्हाव्याच्या गिचमिड अक्षरात.

"काबुरेक म्हणतो वर ओढतो. नको म्हटलं. माझं गाणं इथेच आहे, सभागृहात नव्हतं. वर नेलं तर कुठेच राहणार नाही. याची काही चूक नाही. लाजलो तो मी. अँब्रोज टिलरी, १९५५."

माझ्या पोटात होतं ते. तेवीस वर्षं. आणि मला वाचता येत नव्हतं.

आर्डेला पायरीवर बसली. पोराला तिने घरी पाठवलं. कमिटीला कळवलं की पियानो मिळणार नाही, बाकी काय पाहिजे ते घेऊन जा, आरसा घ्या. ते चिडले. त्यांना वाटलं बाई हट्टी झाली. ती तशी पहिल्यापासूनच होती.

त्या पूर्ण हिवाळ्यात दर गुरुवारी शाळा सुटल्यावर ती तळघरात यायची. कोट अंगावरच, कारण खाली थंडी. अँब्रोजची कॅलेंडरची पानं तिने जपून ठेवली होती, त्यांवरून एकेक वाद्याचं लिखाण घ्यायची आणि अर्ध्या सुराने खाली उतरवून नव्या कागदावर लिहायची. बावीस वाद्यं. शंका आली की माझी पट्टी दाबून बघायची, खड्डा पडलेली. बोट बरोबर खड्ड्यात बसायचं. तिला त्या वेळी बोलायची सवय नव्हती आणि मला तर काय. पण गुरुवारी मला नळाचं ठिबकणं ऐकू यायचं नाही.

तिने शिकवलेले कितीतरी जण आता मोठे वादक झाले होते. अवघड बोटांना न घाबरणारे. तेच जमले. तेच सभागृह, रविवार, दुपारचे तीन. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची आर्डेलाची होती.

तीन वाजायला दहा मिनिटं असताना तळघराचं दार वाजलं.

ती आली. चांगली हॅट घातलेली, काखेत रेडिओ, हातात कॉफीचा थर्मास. पातेलं खाली ठेवलं, रेडिओ माझ्या डोक्यावर ठेवला. बाकावर बसली. पट्ट्यांना हात लावला नाही. फक्त उजवा पाय पुढे केला आणि पायपट्टी दाबून धरली.

वस्तऱ्याची चाल सुरू झाली. सप-सप.

आणि माझ्या तारा बोलल्या. त्याच. खड्ड्यांच्या. शेजारच्या गप्प होत्या. मला कुणी वाजवत नव्हतं, समोर अँब्रोज नव्हता, पण वीस मिनिटं त्याची बोटं जिथे जिथे फिरली होती, तिथे तिथे मी आपोआप गात होतो, अगदी हळू. आर्डेलाने कान माझ्या लाकडाला लावला होता.

संपल्यावर रेडिओवर टाळ्या झाल्या. तिने वाजवल्या नाहीत. पाय उचलला, माझ्या तारा शांत झाल्या. तिने थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली आणि प्यायली. निघताना पातेलं परत माझ्यावर ठेवलं नाही. ते नंतर कुणीतरी ठेवलं.

आता आर्डेलाही नाही. ते नवं लिखाण आता जिकडेतिकडे वाजवतात, असं वर कुणीतरी बोलताना ऐकलं. ज्यांनी अँब्रोजला पाहिलं नाही, ओमाहा पाहिलं नाही, ते वाजवतात. मला बरं वाटतं. पण सकाळचे सहा वाजले की अजून वाटतं, कुणीतरी बाकावर येऊन बसेल. बूट घालायला का होईना.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल. बाकीच्यांशी जुळत नाही म्हणून कोपऱ्यात सारलेली. तिला नीट करायला जाल तेव्हा आधी बॅटरी घ्या, झाकण उघडा आणि आत बघा. तिथे तुमच्यापैकीच कुणीतरी काहीतरी लिहून ठेवलं असेल. वस्तूला ते वाचता येत नाही.

तुम्ही वाचा. आणि मोठ्याने वाचा, म्हणजे तिलाही कळेल.